विद्यादानाची पूर्तता

दान म्हणजे नुसते देणे नव्हे, हे आपल्या धर्मशास्त्रकारांनी फार काटेकोरपणे ठरवून ठेविले आहे. एखाद्या वस्तूवरील आपले स्वत्व सोडून देणे हा दानाचा पूर्वार्ध होय. त्या वस्तूवर दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न होणे हा त्याचा उत्तरार्ध होय. आणि हा उत्तरार्ध घडून आल्यावाचून दानाची क्रिया पुरी झाली असे मानता येत नाही. दात्याने संकल्प केला, हातावर उदक सोडले, परंतु घेणाऱ्याने ती वस्तू आपली म्हणून स्वीकारलीच नाही, तर ते द्रव्य अधांतरी राहिले असेच म्हणावे लागते. गाय, भूमी किंवा अन्न यांच्या बाबतीत हा स्वीकार कोणता ते सांगावे लागत नाही: गाईचे दावे हाती येते, शेताचा ताबा मिळतो, अन्न पोटात जाते. ग्रंथाच्या दानात मात्र स्वीकार नेमका कोणत्या क्षणी होतो? ग्रंथ इमारतीत पोचला म्हणजे, तो नोंदवहीत चढला म्हणजे, की कोणीतरी तो वाचला म्हणजे? हा प्रश्न वरवर पाहता केवळ पांडित्याचा भासेल. परंतु छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील, किंबहुना सगळ्या मराठवाड्यातील शाळांच्या ग्रंथालयांचा विचार करू लागले की तोच प्रश्न अत्यंत व्यावहारिक, आणि माझ्या मते नैतिक दृष्ट्या अत्यंत निकडीचा ठरतो.

या विषयाचा वारसा आपल्या जिल्ह्यास फार जुना आहे. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा जो प्रचंड धर्मनिबंध सिद्ध केला, त्याच्या दानखंडात विद्यादानाचा विस्तृत परामर्श घेतलेला असून, पोथी लिहवून ती दान करणे हे तेथे थोर पुण्यकर्म मानिले आहे. राज्याच्या सगळ्या दप्तराचा जो मुख्य, त्याच पुरुषाने ग्रंथदानाचे माहात्म्य ग्रथित करावे, ही गोष्ट या भूमीच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे. देवगिरीपासून जवळच असलेल्या वेरूळच्या डोंगरात ज्यांनी लेणी खोदविली, त्या जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितलेली आहेत. म्हणजे भुकेल्यास अन्न देणे आणि जिज्ञासूस शास्त्र देणे ही कर्तव्ये तेथे एकाच पंक्तीत बसविली आहेत. अजिंठ्याच्या विहारांत ज्या भिक्षुसंघाने वर्षावास केले, त्याच्या परंपरेने धम्मदानाला सर्व दानांत श्रेष्ठ स्थान दिले. आणि खुद्द शहरात, खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगत जी पाणचक्की आहे, तिच्या परिसरात फकीर व वाटसरू यांच्यासाठी धान्य दळण्याची व्यवस्था आणि ग्रंथसंग्रह ही दोन्ही एकाच आवारात नांदत होती. वक्फाची कल्पनाही येथे विचारात घेण्यासारखी आहे: दाता आपली मालकी कायमची सोडतो, मूळ वस्तू अबाधित राखली जाते, तिचा लाभ मात्र ज्यांच्यासाठी ती ठेविली त्यांच्याकडे अखंड वाहत राहिला पाहिजे, आणि मुतवल्ली हा त्या वस्तूचा धनी नसून केवळ राखणदार असतो. दूर डोंगरातून मातीच्या नळांवाटे आणलेले पाणी हौदात साठवून ठेवणे हा पाणचक्कीचा हेतू नव्हता. ते जात्याच्या पात्यांवर पडावे आणि पीठ निघावे, हा हेतू होता. ग्रंथसंग्रहाची गोष्ट याहून निराळी नाही.

इतक्या भिन्न परंपरा एका बाबतीत एकमुखाने बोलतात, तेव्हा वाद उरू नये असे वाटते. तथापि बारकाईने पाहिले तर या सगळ्या वर्णनांत दात्याच्या पुण्याची गणना जितक्या आवडीने केलेली आढळते, तितक्या आवडीने घेणाऱ्याच्या वाचनाची विचारपूस केलेली आढळत नाही. पोथी रेशमी वस्त्रात बांधावी, तिची पूजा करावी, ती योग्य पात्री द्यावी, असे सांगितले गेले. परंतु ते पात्र कोण, हे ठरविताना समाजाचा फार मोठा भाग त्या दानाच्या बाहेरच राहिला. अधिकारभेदाच्या नावाखाली स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना विद्येपासून शतकानुशतके दूर ठेवण्यात आले, हा आपल्या इतिहासावरील असा डाग आहे की तो शब्दांच्या चातुर्याने धुऊन निघत नाही. जेथे द्वेष नव्हता, भय होते, तेथेही परिणाम फारसा निराळा झाला नाही. ज्या चक्रधरस्वामींनी पैठणच्या परिसरात लोकांच्या मराठीतून तत्त्वज्ञान सांगितले, त्यांच्याच अनुयायांनी पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. त्या सावधगिरीमुळे पोथ्या बचावल्या, हे त्यांचे उपकारच होत, परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांनी त्या लिप्यांचा उलगडा करीपर्यंत मराठीचे आद्य गद्य पंथाबाहेरील मराठी माणसाला परकेच राहिले. रक्षण आणि उपयोग ही दोन कर्तव्ये एकमेकांची वैरी नाहीत. परंतु रक्षणाला एकट्यालाच धर्म मानले की उपयोगाचा बळी जातो, ही शिकवण या इतिहासातून मिळते.

या दोन्ही कर्तव्यांचा मेळ घालणारा महापुरुषही याच जिल्ह्याने दिला. पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, पाठभेद पारखून, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथाच्या अक्षरनिष्ठ रक्षणाचे याहून थोर उदाहरण मराठीत शोधूनही सापडणार नाही. आणि याच पुरुषाने त्यापूर्वी अकरा वर्षे, शके १४९५ मध्ये, भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका वाराणसीत पुरी केली. संस्कृतातील ज्ञान प्राकृतात आणल्याबद्दल तेथील पंडितांचा रोष त्यांना सोसावा लागला, असे परंपरा सांगते. एका हाताने त्यांनी ग्रंथ राखिला आणि दुसऱ्या हाताने तो लोकांच्या ओटीत घातला. नाथांच्या शिष्यदशेतील एक प्रसिद्ध आख्यायिका आहे. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींनी त्यांस हिशेबाचे काम सांगितले असता एका पैची चूक लागेना. ती शोधता शोधता मध्यरात्र उलटली, आणि चूक सापडताच झालेल्या आनंदाच्या भरात नाथांनी टाळी वाजविली. तेव्हा, एका पैसाठी जी एकाग्रता दाखविलीस तीच परमार्थात दाखव, असे गुरूंनी त्यांस सांगितले. आपण ही कथा एकाग्रतेचा महिमा म्हणून सांगतो. माझ्या मते तिच्यात आणखीही एक बोध आहे: पैपैचा हिशेब राखणे हा स्वतः परमार्थ नव्हे; कशाचा हिशेब राखावयाचा, हे ठरविण्यात परमार्थ आहे.

आता आपल्या शाळांकडे वळू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला, आणि त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट शब्दांत नमूद आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० पासून २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय-अनुदानाची तरतूद करण्यात आली. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. तात्पर्य, दानाचा पूर्वार्ध सरकारने, आणि पुष्कळ ठिकाणी गावकऱ्यांनी व माजी विद्यार्थ्यांनीही, कमीअधिक प्रमाणात पार पाडलेला आहे. खोळंबा आहे तो उत्तरार्धाचा.

पैठण तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी हा खोळंबा प्रत्यक्ष पाहिला. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट होते; कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात आणि खणाची किल्ली मुख्याध्यापकांच्या जुडग्यात. कपाट उघडताच डांबरगोळ्यांचा उग्र वास आला. पुस्तके खाकी कागदाची वेष्टने घालून ओळीने लावलेली होती; प्रत्येकाच्या कण्यावर शाईने दाखल क्रमांक, पहिल्या पानावर शाळेचा गोल शिक्का, शिक्क्याखाली सही आणि तारीख. कामात कसूर म्हणून कोठेही दाखविता आली नसती. मी एक चित्रमय गोष्टीचे पुस्तक उघडू लागलो, तर त्याच्या पानांच्या कडा छापखान्यात चिकटल्या होत्या तशाच चिकटून राहिलेल्या होत्या. मुख्याध्यापक सज्जन आणि कष्टाळू गृहस्थ होते. ते म्हणाले, “सर, यातलं एक जरी पुस्तक गहाळ झालं, तर चार्ज देताना माझ्याकडून भरून घेतील. लेकरांच्या हाती द्यायला जीव धजत नाही.” आमचे हे बोलणे चालू असताना तिसरीतील एक मुलगी दारातून आत आली, उघड्या कपाटाच्या खालच्या फळीवरून तिने एक पुस्तक उचलले आणि तेथेच उकिडवी बसून अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. ‘सु’पर्यंत वाचून ती पुढच्या अक्षराशी अडली. मग तिने वरच्या चित्राकडे पाहिले. बाभळीच्या फांदीला लोंबणारे विणलेले घरटे तिने आपल्या विहिरीवर पुष्कळदा पाहिले असणार, कारण क्षणभराने ती मोठ्याने म्हणाली, “सुगरण!” आणि पान उलटले.

त्या मुलीचे त्या क्षणी काय झाले, याचा विचार शिक्षणाविषयी कळकळ असणाऱ्या प्रत्येकाने केला पाहिजे. पाठ्यपुस्तकात हाच शब्द आला असता, तर तो बाईंनी सांगितला असता आणि तिने तो पाठ केला असता. येथे तिला कोणी सांगितले नाही. अडखळणे तिचे, चित्राचा आधार शोधणे तिचे, आणि उलगडाही तिचाच. वाचनाचे कौशल्य एका पुस्तकाच्या पुनःपुन्हा घोकण्याने पुरते येत नाही. सोपी, वेगवेगळी, मनास ओढणारी पुष्कळ पुस्तके हाताळताना, डोळा आणि अर्थ यांचा सांधा असंख्य वेळा जुळत जुळत ते अंगवळणी पडते. पाचवीत पोचलेल्या मुलांपैकी फार मोठ्या संख्येला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सरळ वाचता येत नाही, हे ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालांतून २००५ पासून पुनःपुन्हा निदर्शनास आले आहे. कन्नड-सोयगावच्या तांड्यांवर घरी गोरमाटी बोलणारे मूल असो, शहरातील मोहल्ल्यात दखनी बोलणारे मूल असो, की आईबापांच्या मागे उसाच्या फडावर जाणारे मूल असो, त्याच्या घरात छापील शब्द म्हणून बहुधा एकटे पाठ्यपुस्तकच असते. अशा मुलासाठी शाळेचे ग्रंथालय हा शिक्षणाचा अलंकार नसून पाया आहे. सुखवस्तू घरातील मुलाला जे घरीच मिळते, ते त्याला मिळण्याचे दुसरे ठिकाण नाही.

म्हणून मी असे म्हणतो की बंद कपाट ही केवळ व्यवस्थेतील त्रुटी नव्हे. ते कुलूप कोणी द्वेषाने लावलेले नाही. त्यामागे जातीचा अभिमान नाही, स्त्रीशिक्षणाचा तिटकारा नाही, केवळ दप्तराची भीती आहे. तथापि त्याचा परिणाम मात्र जुन्या अधिकारभेदासारखाच होतो, आणि तो नेमका त्याच घरांतील मुलांवर होतो, ज्यांच्या पूर्वजांना त्या भेदाने अक्षरापासून दूर ठेविले होते. ज्या बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि म्हणून फारसी घ्यावी लागली, त्यांनीच १९५० साली या शहरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले, आणि त्या परिसराला ‘नागसेनवन’ व महाविद्यालयाला ‘मिलिंद’ ही नावे दिली. त्या नावांमागे ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ आहे. राजा मिलिंद भदंत नागसेनाशी चर्चा करू इच्छितो, तेव्हा नागसेन त्यास आधी विचारतो की संवाद पंडितांच्या रीतीने करावयाचा की राजांच्या. पंडितांच्या चर्चेत प्रश्न उलगडले जातात, आक्षेप घेतले जातात, चूक झाली तर ती मान्य केली जाते, आणि कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत मात्र जो विरोध करील त्यास शिक्षा होते. राजा पंडितांची रीत पत्करितो, आणि मगच संवाद सुरू होतो. वर्गात शिक्षक कितीही प्रेमळ असला तरी परीक्षा, गुण आणि वेळापत्रक यांचे राज्य तेथे असतेच. मुलाला पंडिताच्या रीतीने विचारता येईल, चुकता येईल, एक पुस्तक अर्धे टाकून दुसरे घेता येईल, आणि कोणी रागावणार नाही, अशी शाळेतील एकच जागा म्हणजे तिचे ग्रंथालय. ज्या शहराच्या शिक्षणसंस्थांच्या नावांतच हा संवाद कोरलेला आहे, त्या शहराच्या जिल्ह्याने ही जागा बंद ठेवावी, हे मला अतिशय खेदाचे वाटते.

याविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करणे न्याय्य होईल. पहिला आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो. पोथीत राहिलेली विद्या आणि दुसऱ्याच्या हाती गेलेले धन ऐन वेळी उपयोगी पडत नाही, असे जुने सुभाषितकार सांगून गेले. संतांनीही कोरड्या पुस्तकी पांडित्याला कठोर शब्दांत झोडपले. मग मुलांना ग्रंथांपेक्षा गुरूच द्यावा, असे कोणी म्हणेल. परंतु सुभाषितकाराचा रोख पोथीतच राहणाऱ्या विद्येवर आहे, पोथीतून माणसात उतरणाऱ्या विद्येवर नाही; आणि बंद कपाटातील विद्येचे याहून नेमके वर्णन दुसरे कोणते असू शकेल? संतांनी धिक्कार केला तो अहंकाराचा, अक्षराचा नव्हे. तुकोबांच्या वह्या लोकांनी उतरून घेतल्या नसत्या, जपल्या नसत्या, गाइल्या नसत्या, तर तो धिक्कारही आपल्यापर्यंत पोचला नसता. गुरू आणि ग्रंथ यांत निवड करावी लागत नाही. ग्रंथ मुलाच्या हाती देऊन त्याच्या शेजारी बसणारा जो, त्यालाच गुरू म्हणावे.

दुसरा आक्षेप असा की आजच्या मुलांना वाचनाची आवडच उरलेली नाही. पुस्तके मोकळी केली तरी ती कोण वाचणार? याचे उत्तर याच शहराने देऊन ठेविले आहे. २०२१ च्या जानेवारीत, महामारीमुळे शाळांची दारे बंद असताना, बायजीपुऱ्यातील एका शाळकरी मुलीने आपल्याजवळची पुस्तके शेजारच्या मुलांसाठी मांडून एक छोटे वाचनालय सुरू केले. रीड अँड लीड फाउंडेशनच्या साहाय्याने त्याची चळवळ झाली, कलामांच्या नावाची मोहल्ला बालवाचनालये वस्तीवस्तीत निघाली आणि त्यांची संख्या तीसच्या वर गेली. ही वाचनालये ज्या गल्ल्यांत चालली, तेथील घरांत पुस्तकांनी भरलेल्या भिंती नव्हत्या, आणि ती चालविणारी बहुतेक मुलेच होती. आवड नाही म्हणून पुस्तके बंद ठेवावी लागतात, हा क्रम उलटा आहे. पुस्तके बंद राहतात म्हणून आवड उपजत नाही.

तिसरा आक्षेप मुख्याध्यापकांचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे: पुस्तक हरवले, फाटले, तर जबाबदारी कोणाची? येथेच नाथांच्या कथेतील हिशेबाचा बोध उपयोगी पडतो. आपल्या दप्तरात पुस्तक ही जड वस्तू म्हणून जमेस धरली जाते. ती झिजली की नुकसान, कोरी राहिली की सुस्थिती. खुर्ची किंवा घंटा यांच्या बाबतीत हा शिरस्ता बरोबर आहे. ग्रंथाच्या बाबतीत तो अगदी उलटा लागू केला पाहिजे, कारण न झिजलेले पुस्तक हेच येथे बुडीत खाते आहे. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली आपली जी पाच सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतील पहिलेच सूत्र ग्रंथ उपयोगासाठी आहेत हे सांगते, आणि पुढची दोन प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ व प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देण्याविषयी आहेत. हा विचार सरकारी कायदेकानूंना अपरिचित आहे असेही नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, तीमागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसेल तर, वाजवी मानावी असे म्हटले आहे. या नियमातील सूक्ष्म न्याय पाहण्यासारखा आहे: सूट मोजली आहे ती कपाटात असलेल्या ग्रंथांच्या प्रमाणात नव्हे, वाचकांच्या हाती गेलेल्या ग्रंथांच्या प्रमाणात. जो देतो त्याच्याच हातून काही जाणार, आणि म्हणून सूटही त्यालाच. हा न्याय खेड्यातील शाळेपर्यंत, चार्ज देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांनाही निःसंदिग्धपणे कळेल अशा लेखी हुकमाने पोचला, तर आजची निम्मी कुलपे उद्या निघतील अशी माझी खात्री आहे.

उरलेले उपाय तुलनेने सरळ आहेत. माध्यमिक शाळांत विद्यार्थिसंख्येच्या निकषावर ग्रंथपालाचे पद मिळू शकते, प्राथमिक शाळांत ते नसतेच. तेव्हा निदान केंद्रशाळेच्या पातळीवर, आसपासच्या शाळांची पुस्तके फिरती ठेवणारा एक जाणता माणूस नेमला गेला पाहिजे. वेळापत्रकात आठवड्याची एक तासिका केवळ वाचनासाठी राखून, तीत शिक्षकाने स्वतः मोठ्याने वाचून दाखविले पाहिजे. देवघेवीची वही चौथी-पाचवीच्या मुलांकडे सोपविली, तर जबाबदारीचे शिक्षण फुकट मिळते. मार्चअखेर अनुदान संपविण्यासाठी गठ्ठ्याने घेतलेल्या पुस्तकांऐवजी, शिक्षकांनी आणि मुलांनी चाळून निवडलेली थोडीच पुस्तके अधिक वाचली जातात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून चालू आहे, ते तरी प्रत्येक शाळेत मुलांच्या हाती वेळेवर पडावे. ऊसतोडीच्या हंगामात जी मुले गाव सोडून जातात, त्यांच्याबरोबर पुस्तकांची पेटी गेली पाहिजे. ही कल्पना नवी नाही: सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालास बडोद्यास आणवून जी ग्रंथालय-व्यवस्था उभी केली, तिच्यात पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जात असत. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानास जे जमले, ते आज न जमण्यास कारण दिसत नाही. आणि मराठवाड्यातील माणसाला तर वाचनालयाचे मोल निराळे सांगावयास नको. निजामी अंमलात गश्ती निशाण त्रेपन्न या सरकारी हुकमाने सभा भरविण्यावर निर्बंध घातले होते, तेव्हा मराठी शाळा आणि वाचनालये हीच लोकजागृतीची आश्रयस्थाने होती. १९१५ साली स्थापन झालेल्या सरस्वती भुवनसारख्या संस्था त्याच पडत्या काळात तग धरून राहिल्या.

एवढे करूनही मुले सद्गुणी होतीलच, विद्वान होतीलच, अशी हमी मी देऊ शकत नाही आणि देऊ इच्छितही नाही. वाचनाचा हक्क हा वाचनाच्या फळावर अवलंबून ठेवणे हेच मुळात अधर्म्य आहे. भुकेल्यास अन्न देताना तो त्या बळाचे काय करणार, असे आपण विचारीत नाही. वैदिक परंपरेने माणूस जन्मतःच ऋणी मानला आहे, आणि त्या ऋणांपैकी ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे सांगितले आहे. मूल एकटे हे ऋण फेडू शकत नाही. ज्या समाजात ते जन्मले त्याने त्याच्या अध्ययनाची सोय केल्याशिवाय ते ऋण त्याच्या माथी मारण्याचा त्या समाजाला अधिकार नाही. म्हणून हे ऋण आधी आपले, वडीलधाऱ्यांचे आहे. पुस्तक विकत घेऊन, त्यावर शिक्का मारून, ते कपाटात ठेवून आपण या ऋणाची केवळ कबुली लिहून दिली आहे. शाळेने ज्या दिवशी पुस्तकाचा ताबा घेतला, त्या दिवशी तिने मुलाचे देणे अंगावर घेतले. आणि ते देणे फेडण्यास ते पुस्तक मुलाच्या हाती देण्याखेरीज दुसरा मार्ग धर्माने, कायद्याने किंवा विवेकाने कोठेही सांगितलेला नाही.